हवाई प्रतिमांवरून इमारतींच्या वापराचे निर्धारण : जुन्नर व आंबेगाव तालुके

हवाई प्रतिमेत इमारतीचे छत दिसते, वापर दिसत नाही. तो आकार, छाया व परिसर यांवरून अनुमानाने ठरवावा लागतो. जुन्नर-आंबेगाव परिसरात पत्र्याचे लांबट, अरुंद छत कांदाचाळीचे, गोठ्याचे किंवा कुक्कुटपालन शेडचे असू शकते. लगतचा उकिरडा व वैरणीची गंजी गोठा सुचवितात. मात्र पश्चिमेकडील डोंगराळ गावांत माणसे व जनावरे अनेकदा एकाच छताखाली राहतात. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून सुमारे १५० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अशा आपत्तीत कोणत्या छताखाली वस्ती होती, हे शोधकार्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. म्हणून संदिग्ध इमारतीची नोंद ‘गोठा’ अशी न करता ‘वापर अनिश्चित’ अशी करावी व क्षेत्रभेटीत ती पडताळावी.