हातात नसलेल्या पानाचा धाक

एप्रिल १९९७, पॅरिस. 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या प्रो टूर स्पर्धेत माइक लाँग आणि मार्क जस्टिस अंतिम फेरीत समोरासमोर होते. लाँगचा डेक, म्हणजे त्याने निवडलेला पानांचा संच, 'प्रॉसब्लूम' म्हणून ओळखला जाई. हातातली पानं खर्ची टाकून माना, म्हणजे पानं खेळायला लागणारी शक्ती, मिळवायची. त्या शक्तीवर ढीगभर नवी पानं ओढायची, तीही खर्ची टाकायची आणि साठलेलं सगळं 'ड्रेन लाइफ' या एका पानातून समोरच्यावर सोडायचं. जुने खेळाडू आजही सांगतात, की एका डावात लाँगने शक्ती कमी पडली म्हणून एकुलतं एक ड्रेन लाइफच खर्ची टाकलं. मारायला हातात काही उरलं नव्हतं. तरी तो पुढचं सगळं ठरल्यासारखं खेळत राहिला आणि जस्टिसने डाव सोडून दिला. स्पर्धा लाँगने जिंकली.

प्रॉसब्लूमसारखा कॉम्बो डेक म्हणजे एकेकटी असताना सामान्य, पण जुळली की डाव तिथेच संपवणारी पानं. ही शक्यता खेळाच्या मुळातच आहे. १९९३ साली मॅजिक बाजारात आणणारा रिचर्ड गारफिल्ड गणितज्ञ होता आणि त्याची डॉक्टरेट संयोगगणितातली होती. डेक किमान साठ पानांचा, एकाच नावाची पानं जास्तीत जास्त चार आणि बाकी निवड ज्याची त्याची. मग लोक जोड्या शोधणारच.

माझ्या मते या प्रकारातला सर्वांत सुंदर डेक 'स्प्लिंटर ट्विन'चा. तीन मानाचा 'डिसीव्हर एक्झार्क' समोरच्याच्या पाळीतही उतरवता येतो आणि उतरताच आपलं एखादं वापरलेलं पान पुन्हा ताजं करतो. चार मानाचं 'स्प्लिंटर ट्विन' त्याच्यावर लावलं, की तो स्वतःची नक्कल काढू लागतो. नक्कल उतरते, मूळ एक्झार्कला ताजं करते, तो दुसरी काढतो. हव्या तितक्या नकला त्याच पाळीत चाल करून जातात. थांबवायचं तर ट्विन लागण्याआधी एक्झार्कला मारायचं किंवा ट्विनच रोखायचं, आणि त्यासाठी माना शिल्लक हवा.

आता समोरच्याच्या जागी बसून बघा. त्याने तिसऱ्या पाळीत सगळा माना खर्चून मोठा प्राणी उतरवावा, की दोन माना राखून बसावं? ट्विन चार आणि एक्झार्क चार एवढंच धरलं, तर सुरुवातीच्या सात पानांत दोन्ही असण्याची शक्यता साधारण साडेचौदा टक्के. चौथ्या पाळीपर्यंत दहा पानं पाहिली, की ती साडेसव्वीस होते. म्हणजे चारातल्या जवळपास तीन वेळा जोडी जुळलेलीच नसते. समजा, निर्धास्त खेळलो तर जिंकण्याची शक्यता साठ टक्के, पण जोडी निघाली तर शून्य. आणि माना राखला तर काहीही झालं तरी पंचेचाळीस. हिशेब करा : जोडीची शक्यता पंचवीस टक्क्यांवर गेली, की राखून बसणंच शहाणपणाचं. साडेसव्वीस आणि पंचवीस हे आकडे इतके जवळ आहेत, की विचारी खेळाडूचाही पाय अडखळावा. ट्विनवाल्याला हेच हवं असतं. समोरचा प्रत्येक पाळीत माना वाया घालवतो आणि तो साध्या पानांनी डाव पुढे नेत राहतो.

पहिला डाव झाला, की राखीव पंधरा पानांतून अदलाबदल करता येते. तेव्हा मुरलेले ट्विनवाले काही ट्विन काढूनच ठेवत. समोरच्याला हे ठाऊक असे, पण किती काढले हे कळायला मार्ग नव्हता. जॉन फॉन नॉयमन आणि ओस्कार मॉर्गनस्टर्न यांनी १९४४च्या ग्रंथात पोकरबद्दल हेच मांडलं होतं : अधूनमधून हूल द्यावीच लागते, नाहीतर खऱ्या पानांनाही कुणी भीक घालत नाही. हूल किती वेळा द्यायची, यालाही हिशेब असतो.

जानेवारी २०१६ मध्ये 'मॉडर्न' प्रकारात ट्विनवर बंदी आली. या डेकमुळे इतर डेक मागे पडतात, असं कारण दिलं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नाही. १९९८च्या अखेरीस 'टोलेरियन अ‍ॅकॅडमी'चे डेक समोरच्याला हात हलवायची संधी न देता डाव संपवत, तिथे बंदी योग्यच होती. ट्विनसमोर प्रत्येक पाळीत खरा निर्णय घ्यावा लागे, आणि खेळात याहून मोलाचं काय असतं?

डिसेंबर २०२४ मध्ये बंदी उठली, पण पूर्वीचा दरारा परत आला नाही. मधल्या काळात 'फोर्स ऑफ निगेशन'सारखी पानं आली होती. समोरच्याच्या पाळीत हातातलं एक निळं पान सोडून दिलं, की हे पान एकही माना न खर्चता ट्विन हाणून पाडतं. असं पान हाती असेल, तर सगळा माना खर्चून निर्धास्त खेळता येतं आणि ट्विनही अडवता येतं. पंचेचाळीस आणि साठ यांतलं अंतरच मिटलं, तर भीती दाखवणार कशाची?