दहा मिनिटांचं नाटक परदेशी कसं जातं

१९८० साली ‘घाशीराम कोतवाल’ युरोपच्या दौऱ्यावर निघालं, तेव्हा पुण्याच्या थिएटर अकॅडमीला अख्खा संच न्यावा लागला होता. पडदा होऊन उभी राहणारी ब्राह्मणांची ओळ, वादक, कपडेपट, सगळं. त्याआधी इथे जो विरोध झाला, ती कथा वेगळीच. ‘नाटक परदेशी गेलं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही तेच चित्र येतं: विमानतळ, ट्रंका, निरोपाचे हार. छोट्या नाटकांचं आता तसं राहिलेलं नाही. नाटककार चेन्नईत आपल्या घरीच असतो, जाते ती संहिता. सिडनीत कुणी अनोळखी दिग्दर्शक ती उचलतो, तिथलेच नट घेतो, तालमीही तिथेच होतात. नाटककाराच्या हाती बहुतेक वेळा प्रयोगाचे फोटो आणि कार्यक्रमपत्रिकेची पीडीएफ येते. हा व्यवहार कसा चालतो, हे चेन्नईच्या निमित्ताने नीट पाहण्यासारखं आहे.

चेन्नईच का? तिथे तमिळ रंगभूमीच्या जोडीने इंग्रजी नाटकाची जुनी, टिकाऊ परंपरा आहे. मद्रास प्लेअर्स ही संस्था १९५५ची. माथेरानला जन्मलेले गिरीश कर्नाड १९६३ ते १९७० या काळात ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या नोकरीनिमित्त मद्रासला होते, तेव्हा तेही या मंडळींत सामील झाले होते. एग्मोरचं म्युझियम थिएटर तर १८९६चं. याच शहरातल्या अनुपमा चंद्रशेखर यांचं ‘फ्री आउटगोइंग’ हे नाटक २००७ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या छोट्या नाट्यगृहात झालं, पुढच्या वर्षी खालच्या मोठ्या रंगमंचावर आलं आणि एडिंबरालाही गेलं. शाळकरी मुलीची एक चित्रफीत मोबाइलवरून पसरते आणि चेन्नईतल्या एका मध्यमवर्गीय घराला वेढा पडतो, असं ते नाटक. ती मुलगी रंगमंचावर येतच नाही, तिच्या आईवरच सगळं नाटक तोललेलं आहे. पुढे २०२२मध्ये याच लेखिकेचं नथुराम गोडशांवरचं ‘द फादर अँड द असॅसिन’ लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये झालं. पुण्यातल्या माणसाची गोष्ट लंडनला पोचली ती चेन्नईमार्गे, हे आपण मराठी लोकांनी जरा लक्षात घेण्यासारखं आहे.

ही दोन्ही पूर्ण लांबीची नाटकं. पण नव्या नाटककारासाठी परदेशाचं दार अनेकदा छोट्या नाटकाने उघडतं. दहा मिनिटांच्या नाटकाला प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात. तिथल्या ॲक्टर्स थिएटरने १९८९पासून दहा मिनिटांच्या नाटकांची राष्ट्रीय स्पर्धा घेतली. ऑस्ट्रेलियात मार्क क्लिअरी यांनी २००२ साली सिडनीच्या न्यूटाउन भागातल्या थिएटरात ‘शॉर्ट+स्वीट’ हा महोत्सव सुरू केला. तो पुढे अनेक देशांत पसरला आणि २०११मध्ये प्रकृती फाउंडेशनने तो चेन्नईत आणला. त्यामुळे हा प्रकार चेन्नईच्या लेखकांनी आपल्याच शहरात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. नाटक सिडनीला पाठवताना तिथली संध्याकाळ कशी असते, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आपल्याला मात्र सांगायला हवं, कारण आपल्या मनात एकांकिका असते. पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे आणि आपल्या तीन पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या आहेत. पण त्या एकांकिकेला तासाभराचा अवकाश असतो. पहिली दहा मिनिटं तर वातावरण उभं करण्यातच जातात. दहा मिनिटांच्या नाटकात तेवढ्या वेळात माणसं भेटून, भिडून, काहीतरी कायमचं बदलून झालेलं असतं. ते स्किटही नाही. स्किट शेवटच्या टाळीच्या वाक्यासाठी जगतं. इथे प्रेक्षकाला पात्राची काळजी वाटायला हवी आणि तीही दुसऱ्या मिनिटाला.

संध्याकाळची रचना एकदा समजली की बाकीचे नियम आपोआप उमगतात. एका तिकिटात दहाएक नाटकं, एकामागून एक. दोन नाटकांच्या मध्ये मिनिटभराचा अंधार. तेवढ्यात आधीची खुर्ची-टेबलं जायची आणि पुढची यायची. सगळ्यांना मिळून एकच प्रकाशयोजना, तिच्यातच थोडे बदल. म्हणून पात्रं दोन ते चार, नेपथ्य जवळपास शून्य, आणि वेळेची शिस्त कडक. बऱ्याच ठिकाणी दहा मिनिटांच्या वर गेलात तर गुण कापले जातात किंवा नाटक बाद होतं. संहिता मोठ्याने वाचून, घड्याळ लावून, नऊ मिनिटांच्या आत बसवलेली बरी. हशा, शांतता, नटाचं दार उघडून आत येणं, हे सगळं उरलेल्या मिनिटात मावायचं असतं. ‘पानाला एक मिनिट’ हा हिशेब इंग्रजी संहितेच्या विशिष्ट मांडणीचा आहे. मराठी किंवा तमिळ मजकुराला तो लावू नये.

आता लिहिण्याचं एक उदाहरण जवळून पाहू. समजा, नाटक २०१९च्या उन्हाळ्यातलं आहे. त्या जूनमध्ये पूंडी, चोलावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चेन्नईला पाणी पुरवणारे चारही तलाव जवळपास आटले होते. गल्लोगल्ली टँकरपुढे प्लास्टिकच्या रंगीत घागरींच्या रांगा लागत. त्या घागरीला तिथे कुडम म्हणतात. आपल्या नाटकात सासू आणि सून अशी दोनच पात्रं. पहिल्या खर्ड्यात लेखक हमखास सासूच्या तोंडी असं काही घालतो: “यंदा पाऊस झाला नाही, तलाव आटले, टँकर कधी येईल याचा नेम नाही.” सुनेला हे सगळं ठाऊक आहे. सासू ते सिडनीतल्या प्रेक्षकाला सांगते आहे आणि हे कुणाच्याही लक्षात येतं.

दुसऱ्या खर्ड्यात हे वाक्य जातं. त्याऐवजी सासू तांदूळ धुते आणि ते पाणी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवते. सून त्याच पाण्यात पेला विसळते. उरलेलं पाणी कुंडीत. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजतो. दोघी भांडण अर्धवट टाकून घागरी उचलतात. चेन्नई नकाशावर कुठे आहे हे माहीत नसलेल्या दिग्दर्शकालाही हे कळतं आणि नटांना हातांनी करायला काम मिळतं.

एवढ्यावर संपत नाही. तिसऱ्या खर्ड्यात लेखकाला आठवतं की आपल्यानंतर लगेच दुसऱ्याचं नाटक आहे आणि ओल्या रंगमंचावर त्याचा नट घसरेल. खरं पाणी वापरायला बहुतेक महोत्सव परवानगीच देत नाहीत. म्हणून भांडी रिकामी, पाण्याचा आवाज ध्वनिफितीवर किंवा नुसता अभिनय. ‘पाणी खरं असू नये’ ही सूचना संहितेतच लिहायची. घागर मिळाली नाही तर प्लास्टिकची बादली चालेल, पण काचेचा जग चालणार नाही, हेही लिहायचं. कारण काचेच्या जगाने ते घर एकदम श्रीमंत होतं. तालमीत नाटककार नसणार. त्याला जे जे तिथे उभं राहून सांगायचं होतं, ते कागदावर असायला हवं. त्याच वेळी सूचनांचा भडिमारही नको. नटाने कुठल्या शब्दावर मान वळवावी हे लिहिणाऱ्या लेखकाची संहिता दिग्दर्शक बाजूला ठेवतात. काय बदललं तर नाटक मोडेल तेवढंच लिहावं, बाकी सोडून द्यावं. माझ्या मते या प्रकारातलं खरं कसब हेच आहे.

नावांचे उच्चार एका ओळीत, साध्या रीतीने लिहून द्यावेत. पदार्थ, सण, नाती यांच्या टिपा संहितेच्या शेवटी, पाव पानात. कंसातली स्पष्टीकरणं संवादात घुसवू नयेत. आणि मूळ नाटक मराठी किंवा तमिळ असेल, तर अनुवाद बोलण्याची भाषा लिहिता येणाऱ्या माणसाकडून करून घ्यावा. छापील पुस्तकाचा अनुवाद आणि नटाच्या तोंडचा अनुवाद या निराळ्या गोष्टी आहेत.

पाठवण्याचं काम तसं सोपं. महोत्सव आवाहन काढतो, लेखक ठरलेल्या नमुन्यात संहिता पाठवतो. बऱ्याच ठिकाणी संहितेवर लेखकाचं नाव नको असतं, म्हणजे वाचणाऱ्याला ती कुणाची हे कळत नाही. फाइलच्या नावातही ते राहू देऊ नका. मुदत तिथल्या घड्याळाची असते: सिडनीचे रात्रीचे ११.५९ म्हणजे चेन्नईत किंवा पुण्यात तिथल्या उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळचे ६.२९, एरवी ७.२९. जेवण झाल्यावर निवांत पाठवू म्हणणाऱ्यांची संधी इथेच जाते. प्रवेशशुल्क काही महोत्सव घेतात, काही घेत नाहीत. किरकोळ शुल्क ठीक, पण ‘निवड झाली आहे, आता निर्मितीखर्च पाठवा’ असा मेल आला तर थांबा. एडिंबरा फ्रिंज या महोत्सवाचा प्रकार मात्र वेगळा आहे. १९४७ साली आठ नाट्यसंस्था आमंत्रणाशिवाय तिथे पोचल्या, तिथून तो सुरू झाला. तिथे निवड समिती नाही. जागेचं भाडं भरायची तयारी असेल तो प्रयोग करतो. त्यामुळे ‘एडिंबराला नाटक झालं’ आणि ‘एडिंबराने नाटक निवडलं’ ही दोन वाक्यं एक नव्हेत.

निवड झाल्यावर संहिता दिग्दर्शकांपुढे ठेवली जाते आणि कुणीतरी ती मागून घेतो. इथे नाटककाराने पहिल्यांदा कागदाकडे नीट पाहावं. भारतात नाटक लिहिल्याक्षणी त्यावर लेखकाचा हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि बर्न करारामुळे तो हक्क बाहेरच्या सदस्य देशांतही मानला जातो. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सुपूर्द करायचा तर तो लेखीच करावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण परदेशी महोत्सवाचा करार बहुधा त्यांच्या देशाच्या कायद्याखाली असतो, तेव्हा या आधारावर निर्धास्त राहू नये. द्यायची ती फक्त प्रयोगाची परवानगी: अमुक महोत्सव, अमुक तारखा, इतके प्रयोग. चित्रीकरण, ते इंटरनेटवर टाकणं, दुसऱ्या शहरात प्रयोग, भाषांतर या प्रत्येकाची वेगळी ओळ हवी. संवाद बदलायचे तर लेखकाला विचारून, हेही हवं. अनुवादित नाटक असेल तर अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. त्याची लेखी संमती आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव आधीच ठरवून घ्यावं.

पैशाबद्दल स्पष्टच बोलायचं तर दहा मिनिटांच्या नाटकावर कुणाचं घर चाललेलं नाही. मानधन असलं तर नाममात्र, बक्षीस लागलं तर आनंद.

परवानग्यांबाबत एक गंमत आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तमिळनाडूत १९५४च्या नाट्यप्रयोग कायद्याने पोलिसांना नाटकांवर अधिकार दिले होते. ‘परीक्षा’ या नाट्यसंस्थेचे ज्ञानी शंकरन यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०१३च्या जानेवारीत त्या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली. ब्रिटनने नाटकांची सेन्सॉरशिप १९६८मध्येच मोडीत काढली. म्हणजे एकच संहिता लंडनला कुणाच्या शिक्क्याशिवाय होते आणि दादरला होत नाही.

तालमींच्या काळात दिग्दर्शकाचे प्रश्न येतात. सासू सुनेला नावाने हाक मारते का? या घरात चपला कुठे काढतात? अशा प्रश्नांना लगेच आणि थोडक्यात उत्तरं द्यावीत, शक्य तर घराचा, भांड्यांचा फोटो पाठवावा. एखादी तालीम व्हिडिओ कॉलवर पाहायला मिळाली तर पाहावी, पण नटांना परस्पर सूचना देऊ नयेत. प्रयोगाच्या रात्री प्रेक्षक मतदान करतात, परीक्षक वेगळे गुण देतात आणि त्यातून निवडलेली नाटकं अंतिम फेरीला जातात. प्रेक्षकांचं आवडतं आणि परीक्षकांचं आवडतं एकच असेल असं नाही. आपल्या स्पर्धांतला तोच जुना वाद तिथेही रंगतो.

स्वतः जायचं ठरवलं तर निवडीचं पत्र हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि त्या पत्रात तारखा, जागा आणि खर्च कोण करणार हे लिहून घ्या. व्हिसाच्या खिडकीवर तेच विचारतात. प्रयोग झाल्यावर कार्यक्रमपत्रिका, फोटो आणि परीक्षणं मागवून एका फाइलमध्ये ठेवा. आणि पुढच्या ठिकाणी पाठवण्याआधी त्यांचे नियम वाचा: कित्येक महोत्सवांना आधी कुठेही प्रयोग न झालेलंच नाटक हवं असतं, त्यामुळे पहिला प्रयोग कुणाला द्यायचा हे सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.