दीड हजाराच्या साबणाचाही फेस का बसतो? दाढीचा साबण निवडण्याआधी बोअरचे पाणी तपासा

लक्झरी की आर्टिझन, ट्यूब की वडी? नांदेड-लातूरकरांनी किमतीआधी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, जाणून घेऊया.

ऑनलाइन मागवलेली दाढीच्या साबणाची डबी घरी येते. किंमत दीड हजार रुपये. व्हिडिओत दिसतो तसा सायीसारखा दाट फेस येईल या अपेक्षेने ब्रश फिरू लागतो आणि दोन मिनिटांत गालावर उरतात ते पाणचट बुडबुडे. दोष साबणाला दिला जातो, नाहीतर ब्रशला. बादलीतल्या पाण्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. खरे तर ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्या पाण्यात साबणालाही फेस धरत नाही, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे.

थोडक्यात महत्त्वाचे
• क्षारयुक्त पाण्यात महाग आणि स्वस्त दोन्ही साबण वाया जातात.
• फेस करण्यासाठी अर्धी वाटी आरओचे पाणी पुरते.
• ‘हातबनावटीचा’ म्हणजे आपोआप सौम्य, असे नाही.

लक्झरी आणि आर्टिझन म्हणजे नेमके काय?

लक्झरी गटात प्रामुख्याने जुनी युरोपीय नावे येतात. लंडनचे डी. आर. हॅरिस १७९० पासूनचे, ट्रुफिट अँड हिल १८०५ चे, तर टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट १८५४ चे. यांची ओळख म्हणजे ठरलेला सुगंध, लाकडी किंवा जाड डबी आणि दरवेळी सारखा निघणारा माल. किमतीचा मोठा हिस्सा नाव, सुगंध, वेष्टन आणि आयातीच्या खर्चाचा असतो.

आर्टिझन साबण छोट्या कारखान्यांत, थोड्या थोड्या घाण्यांत तयार होतात. अमेरिकेतील स्टर्लिंग किंवा बॅरिस्टर अँड मॅन ही या गटातली परिचित नावे. भारतातही छोटे उत्पादक आता दाढीसाठी वेगळी वडी बनवू लागले आहेत. तेलांचे मिश्रण, नव्या सुगंधांचे प्रयोग आणि घटकांबाबतचा मोकळेपणा ही त्यांची ताकद. दोन घाण्यांत थोडाफार फरक पडणे ही मर्यादा.

साबणाच्या आत काय असते?

तेल किंवा चरबी आणि अल्कली यांची अभिक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त ठेवतात. त्यामुळे बुडबुडे बारीक राहतात आणि फेस लवकर खाली बसत नाही. खोबरेल तेलातले लॉरिक आम्ल भराभर फेस देते, पण तो फेस टिकत नाही.

अल्कलीचाही फरक पडतो. सोडियम हायड्रॉक्साइडने वडी कडक होते, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबण मऊ आणि पाण्यात लवकर विरघळणारा बनतो. चांगल्या दाढीच्या साबणात बहुधा दोन्ही असतात. अंघोळीची हातबनावटीची वडी कितीही चांगली असली तरी तिने दाढी नीट होत नाही, याचे कारण हेच.

म्हणजे साबणाचा दर्जा ठरतो तो या मिश्रणावर. ते लक्झरी डबीतही उत्तम असू शकते आणि निम्म्या किमतीच्या आर्टिझन वडीतही.

बोअरचे पाणी काय बिघडवते?

शाळेच्या विज्ञानात दोन शब्द होते, सुफेन आणि दुष्फेन. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील तर ते साबणाला धरतात आणि न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा चिकट थर तो हाच. क्षारांची मागणी पुरी झाल्यानंतर उरलेला साबण फेसाच्या कामी येतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असतो. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. आता हिशेब करू. कठीणपणा ४०० असलेले ५० मिलिलिटर पाणी ब्रश आणि वाटीत मिळून वापरले, तर साधारण ०.१२ ग्रॅम साबण साक्यात जातो. एका दाढीला पाऊण ग्रॅम साबण लागतो असे धरले, तर जवळपास सहावा हिस्सा फेस होण्याआधीच गेला.

खरी अडचण पुढे आहे. तेच पाणी एक लिटरच्या मगातून तोंडावर घेतले, तर ते सुमारे अडीच ग्रॅम साबण साक्यात बदलू शकते. चेहऱ्यावर तेवढा साबणच नसतो. म्हणजे धुताना उरलेला बराचसा साबण साका होऊन त्वचेवर आणि ब्लेडवर बसतो. दाढीनंतर त्वचा ओढल्यासारखी वाटणे, खरखर जाणवणे आणि रेझर लवकर गचाळ होणे यामागे अनेकदा हा थर असतो.

नांदेड-लातूरमध्ये हा मुद्दा मोठा का?

नांदेड शहराला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पातून, तर लातूरला मांजरा धरणातून पाणी मिळते. धरणाचे पाणी सहसा बोअरपेक्षा कमी कठीण असते. मात्र नळाला पाणी येण्याचे दिवस लांबले की सोसायट्या, वसतिगृहे आणि सलून यांचा भार बोअर आणि टँकरवर येतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या टंचाईच्या काळात शहराची मदार बोअर आणि टँकरवरच होती.

या भागाच्या मोठ्या पट्ट्यात जमिनीखाली बेसॉल्ट खडक आहे. त्यातून झिरपणारे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येते. ‘लातूर पॅटर्न’साठी बाहेरगावाहून येऊन खोली करून राहणारी अनेक मुले आयुष्यातली पहिली दाढी याच पाण्यात करतात. पुरळ आले की साबण बदलतात, मग क्रीम बदलतात. पाणी मात्र तेच राहते.

कठीण पाण्यात कोणता साबण बरा?

• ट्यूबमधील क्रीम : त्यात पाणी आधीच असते, वरून कमी लागते. अनेक क्रीममध्ये क्षारांना बांधून ठेवणारे ईडीटीएही असते. त्यामुळे निभाव लागतो.
• लक्झरी वडी : जुन्या धाटणीच्या मिश्रणाला मऊ पाणी मानवते. ईडीटीए आहे का, ते वेष्टनावर पाहा.
• आर्टिझन वडी : काही उत्पादक सोडियम सायट्रेट घालतात, त्याने मदत होते. चार-पाच घटकांचा ‘साधा’ साबण मात्र कठीण पाण्यात लवकर हार मानतो.

चरबी की तेल?

परदेशी आर्टिझन साबणांत ‘टॅलो’ हा शब्द वारंवार दिसतो. टॅलो म्हणजे प्राण्यांची, बहुधा गाय-बैल किंवा मेंढीची चरबी. शाकाहारी घरांनी हा शब्द आवर्जून शोधावा. घटकांच्या यादीत तो ‘सोडियम टॅलोएट’ किंवा ‘पोटॅशियम टॅलोएट’ असाही येतो. चरबीविना साबण ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. गोदरेजने १९१८ मध्ये वनस्पती तेलापासून बनवलेला साबण बाजारात आणला होता. आज वनस्पतिजन्य स्टिअरिक आम्लापासून उत्तम दाढीचा साबण बनतो, त्यामुळे फेसासाठी चरबीवर अडून राहण्याचे कारण नाही. ब्रशही पाहा. डुक्कर किंवा बॅजरच्या केसांचे ब्रश मिळतात, तसे सिंथेटिकही मिळतात आणि ते लवकर वाळतात.

एका दाढीला खर्च किती?

दर दुकानागणिक बदलतात, त्यामुळे हा हिशेब अंदाजापुरता.
• १०० रुपयांची ७० ग्रॅमची ट्यूब, दरवेळी दीड ग्रॅम : सुमारे २ रुपये
• ५०० रुपयांची १०० ग्रॅमची भारतीय आर्टिझन वडी, दरवेळी १ ग्रॅम : ५ रुपये
• २,००० रुपयांची १०० ग्रॅमची आयात वडी, दरवेळी १ ग्रॅम : २० रुपये

दिवसाआड दाढी केली तर वर्षाला अनुक्रमे सुमारे ४००, ९०० आणि ३,६०० रुपये. पाणी कठीण असेल तर साबण जास्त घासावा लागतो आणि हे आकडे वाढतात.

पाणी घरी कसे तपासायचे?

१. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पाव बाटली आरओचे, दुसरीत तेवढेच बोअरचे पाणी भरा.
२. अंघोळीच्या साबणाचा कीस थोड्या आरओच्या पाण्यात विरघळवून दोन्हींत सारखेच थेंब टाका. फेसवॉश किंवा डिटर्जंट वापरू नका, त्यांना कठीण पाण्यातही फेस येतो.
३. झाकण लावून जोरात हलवा. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि पांढरट गढूळपणा जास्त दिसला, तर पाणी दुष्फेन आहे.

उपाय काय?

फेस करायला आणि शेवटी चेहरा धुवायला आरओचे किंवा साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी वापरा. ते नसेल तर पाणी दहा मिनिटे उकळा, थंड होऊ द्या आणि तळ न ढवळता वरचे पाणी घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा यामुळे कमी होतो, क्लोराइड-सल्फेटचा होत नाही. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, क्षार जात नाहीत. श्रावण संपल्यावर महिनाभराची दाढी काढायची असेल तर आधी ट्रिमर फिरवा, मग साबण लावा.

वेष्टनावर काय पाहाल?

कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी असायला हवी. प्रदर्शनात घेतलेल्या हातबनावटीच्या वडीलाही हे लागू आहे. ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या साबणातील सुगंधी तेलांनीही काहींना ॲलर्जी होते. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. पुरळ हटत नसेल तर नवा साबण शोधण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

लक्झरी साबण सुगंधाच्या हौसेसाठी घ्यावा, आर्टिझन घटकांची यादी वाचून. पण दोन्हींच्या आधी एकदा घरातल्या ट्यूबचा फेस आरओच्या पाण्यात करून पाहा. फरक तिथेच दिसला, तर दीड हजार रुपये वाचले.