पाळ, तुडुम आणि पंप

सिहोरा हे भंडारा जिल्ह्यात तुमसर–बपेरा रस्त्यावरचं, धानाच्या पट्ट्यातलं गाव. एका अंगाला बावनथडी नदी, दुसऱ्या अंगाला चांदपूरचा जलाशय. स्थापत्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस इथून सुरुवात करत नाही. त्याची वाट पिरॅमिड, रोम, अजिंठा, आयफेल मनोरा अशी ठरलेली असते. पण बांधलेलं टिकतं कशामुळे, हे उंच इमारतींपेक्षा तलावांच्या मातीच्या पाळी अधिक नेमकं सांगतात. आणि मातीच्या पाळी पाहायच्या तर भंडाऱ्यासारखा मुलूख नाही.

मातीशी इथली ओळख फार जुनी. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली ४० मीटरांच्या आसपास व्यासाचा, सातवाहनपूर्व काळापर्यंत मागे जाणारा स्तूप निघाला. गावाभोवतीचा प्राचीन तटही मातीचाच. पुढे वाकाटकांनी मनसरला विटांचं आणि रामटेकला दगडाचं काम उभं केलं. पण मला त्यांचा वाशीम जिल्ह्यातला हिस्से-बोराळ्याचा शिलालेख जास्त मोलाचा वाटतो. शके ३८० मधला हा लेख वाकाटक राजा देवसेनाच्या कारकिर्दीत स्वामिल्लदेवाने बांधलेल्या तलावाची नोंद करतो. तलावाचं नाव सुदर्शन. जुनागढच्या तलावाचंही तेच नाव. तो मौर्यकाळात बांधला, वादळात फुटला, क्षत्रप रुद्रदामनाने इ.स. १५० च्या सुमारास दुरुस्त केला. पुन्हा फुटला, तेव्हा स्कंदगुप्ताच्या अमलात चक्रपालिताने बांधून काढला. एका पाळीसाठी तीन राजवटींनी खस्ता खाल्ल्या, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी ती शिलेवर कोरण्याच्या योग्यतेची मानली.

आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तलाव बांधण्याचं काम कोहळी समाजाने केलं. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखालची जमीन द्यावी, असा रिवाज होता. पाऊस इथे वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटरच्या पुढे पडतो. पण धान ओंबीवर येताना हस्ताने दगा दिला की सगळी रोवणी वाया. त्या एका पाण्यासाठी तलाव. नवेगावबांध त्यांतला सर्वांत नावाजलेला. तो बांधणारा कोलू पाटील कोहळी आज कोलासूर देव म्हणून पुजला जातो. ज्याचं देऊळ झालं असा स्थापत्यविशारद मला दुसरा ठाऊक नाही.

या तलावांतलं तुडुम जवळून पाहण्याजोगं आहे. पाळीच्या आतल्या बाजूला, खोल जागी उतरत्या पायऱ्यांची रचना; प्रत्येक पायरीला एक भोक, भोकाला लाकडी बूच. पाणी सोडायचं ते वरच्या भोकातून. पातळी खाली गेली की त्याखालचं बूच काढायचं. त्यामुळे तळाच्या पाण्याचा पूर्ण दाब पाळीखालच्या वाटेवर एकदम येत नाही. श्रीलंकेत बिसोकोटुवा नावाची दगडी विहिरीसारखी रचना हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवते. दोन्हीकडच्या कारागिरांनी पाण्याचा दाब सूत्राने मांडला नव्हता. फुटलेल्या पाळींवरून तो ओळखला होता. जादा पाण्याला सांडवा, शेताला नहर, आणि एका तलावाचं सांडलेलं पाणी खालच्या तलावात, त्यातून बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात.

अंबागडाचा किल्लाही तुमसर तालुक्यातच, १७०० च्या सुमारास गोंड राजा बख्तबुलंद शहाच्या राजखान पठाण या सरदाराने बांधलेला. पाहावा असा आहे, पण त्याच्याभोवतीचं राजकारण संपलं तसं त्याचं कामही संपलं. तलाव मात्र चालूच राहिले.

ब्रिटिश अमदानीत १८९६ ते १९०० च्या दुष्काळांनंतर सिंचन आयोग बसला आणि मध्य प्रांतात मोठ्या तलावांची कामं निघाली. चांदपूरचा जलाशयही त्याच अमदानीतला. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांची जमिनी-तलावांवरची मालकी, गेली. जमिनीच्या न्यायासाठी ती जायलाच हवी होती. पण पूर्व विदर्भातले साडेसहा हजारांहून अधिक तलाव सरकारजमा झाले आणि पुढे जिल्हा परिषद व पाटबंधारे खाते यांच्यात वाटले गेले. गाळ काढायचा कोणी, बूच बदलायचं कोणी, हा प्रश्न तिथेच अडकला.

पुढची झेप मोठी होती. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा बावनथडी प्रकल्प सितेकसा इथे झाला. वैनगंगेवर गोसेखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. धरणाची लांबी अकरा किलोमीटरांहून जास्त. सिहोरा परिसरात सोंड्याटोला उपसा सिंचन योजना बावनथडीचं पाणी उचलून चांदपूर जलाशयात टाकते. कल्पना उत्तम आहे. पण तुडुमाला उतार पुरतो, पंपाला वीजबिल भरावं लागतं. उचलण्याजोगं पाणी नदीला असतं ते पावसाळ्यात. तेवढ्याच दिवसांत पंप बंद राहिला तर शंभर वर्षांचा जलाशय आणि आधुनिक यंत्रसामग्री दोन्ही शेतकऱ्याच्या उपयोगाच्या राहत नाहीत.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमार ढिवर समाजासोबत काही जुन्या तलावांत वेगळीच दुरुस्ती केली आहे. माजलेली बेशरमची झुडपं उपटायची, उन्हाळ्यात तळाचा काही भाग नांगरायचा आणि तिथे देशी पाणवनस्पती लावायच्या, म्हणजे मासळीला चारा आणि आडोसा मिळतो. तलावाच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक करताना पाळ, सांडवा आणि नहर यांच्याबरोबर या लागवडीचाही खर्च धरायला हवा, आणि ते अंदाजपत्रक करायला बसण्याआधी ढिवर बायांना पाळीवर बोलवायला हवं.