सिकलसेलची कळ आणि संततिनियमनाची सुई

सिकलसेलचा रोग महाराष्ट्रांत मुख्यत्वें विदर्भांत आणि नंदुरबारच्या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. सोलापूर त्या टापूबाहेर आहे. परंतु सोयरिकी टापू पाहून होत नाहींत. चंद्रपूरकडील मुलगी सोलापुरांत सून होऊन येते, दर महिन्यास हाडें पिळवटणाऱ्या कळांनीं अंथरुणास खिळते, आणि घरांत ती आळशी ठरते.

वस्तुतः तिच्या रक्तांतील हीमोग्लोबिन जन्मतःच सदोष असतें. प्राणवायु सोडतांच त्याचे कण एकमेकांस चिकटून ताठर तंतु बनतात. तांबड्या पेशीस विळ्याचा आकार येतो, आणि अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून रक्ताची वाट बंद करतात. तीच ती कळ. कित्येक स्त्रियांस ती मासिक पाळीच्या सुमारासच गांठते.

जमेका बेटांतील डॉक्टरांनीं १९८२ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. दर तीन महिन्यांनीं टोंचावयाचें मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हें संततिनियमनाचें औषध चालू असतां या स्त्रियांस कळा कमी आल्या. प्रयोग लहान होता, आणि असें कां घडावें याचा पुरता उलगडा अद्याप झालेला नाहीं. हेंच औषध भारत सरकारनें २०१७ सालीं ‘अंतरा’ या नांवानें आपल्या कार्यक्रमांत आणलें. अर्थात् तें पाळणा लांबविण्यासाठीं, कळांसाठीं नव्हे.

अडचण येते ती नांवाची. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, त्यास शतक उलटलें. तरी अविवाहित मुलीस ही सुई द्यावी म्हटलें कीं आईबाप दचकतात. सांधेदुखीच्या गोळीस कोणी चारित्र्य चिकटवीत नाहीं!

मात्र संततिनियमनाचें प्रत्येक औषध येथें चालतें असें नव्हे. नेहमीच्या मिश्र गोळींत इस्ट्रोजेन असतें. त्यानें रक्त गोठण्याचा धोका वाढतो, आणि या रोगांत तो मुळांतच अधिक. म्हणून अशी गोळी दुकानांतून परस्पर आणूं नये. सुईनेंही पाळी अनियमित होते, हाडांची घनता कांहींशी उतरते. तेव्हां रुग्णाचा पूर्वेतिहास पाहूनच डॉक्टर निर्णय घेतात. उलटपक्षीं, या रोगावरील हायड्रॉक्सियुरिया चालू असतां गर्भधारणा टाळावी लागते, म्हणजे अशा स्त्रीस संततिनियमन दुहेरी उपयोगाचें. सुई थांबविल्यावर मूल राहण्यास बरेच महिने लागूं शकतात; परंतु वंध्यत्व येत नाहीं. त्या अवधींत पतीचेंही रक्त तपासून घ्यावें, कारण तो वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव निम्मा असतो.