डोकी मोजली, नावे कुठे आहेत?

खानेसुमारी, शिरगणती, मर्दुमशुमारी. जनगणना हा शब्द रुळण्याआधी मराठवाड्यात हे तीन शब्द चालत होते आणि तिन्हींचा अर्थ उघड आहे: पहिल्यात घरे मोजायची, दुसऱ्यात डोकी, तिसऱ्यात माणसे. नाव टिपून ते पुढच्या पिढ्यांसाठी जपायचे, असे वचन यांपैकी एकही शब्द देत नाही. तरीही गेल्या दोन-तीन वर्षांत हिंगोली जिल्ह्यात खापरपणजोबांचा शोध घेणारे अनेकजण पहिला प्रश्न विचारतात तो जनगणनेचाच. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठा आरक्षणाच्या मागणीतून मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे कुणबी नोंदींसाठी उघडली गेली आणि ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द पारावर पोचला. त्यातून एक समज पक्का झाला की जुन्या जनगणनेत आपल्या घराण्याचे पान कुठेतरी आहे, फक्त ते मिळवायचा रस्ता सापडायला हवा. या लेखाचे म्हणणे असे की ते पान तिथे नाही. जनगणना आपल्या गावाचा आणि काळाचा पत्ता सांगते. घरातल्या माणसांची नावे दुसऱ्या दप्तरांत आहेत. कोणत्या कामासाठी कोणते दप्तर, हे आधी ठरवले तर हेलपाटे वाचतात.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे पहिली जनगणना १८८१ साली झाली आणि संस्थानाची लोकसंख्या ९८,४५,५९४ भरली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी गणना होत गेली. प्रगणक घरोघर जाऊन पत्रके भरत, त्यांवरून तक्ते तयार होत आणि छापले जात ते तक्ते. धर्म, जात, भाषा, व्यवसाय, साक्षरता अशा रकान्यांखाली जिल्ह्याचे, फार तर तालुक्याचे आकडे त्यांत मिळतात. तक्ते तयार झाले की भरलेल्या पत्रकांचे काम संपे. ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळण्याची रीत नव्हती. त्यामुळे १९३१ च्या अहवालात कुणब्यांची, हटकरांची किंवा बंजाऱ्यांची संख्या मिळेल, पण कळमनुरीच्या एखाद्या गल्लीत कोण राहत होते हे मिळणार नाही. स्वातंत्र्यानंतर या रिवाजावर कायद्याचे कुलूपही बसले. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार जनगणनेची मूळ नोंद पाहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही.

इथे हमखास एक हरकत येते. इंग्लंड-अमेरिकेत लोक घरबसल्या पणजोबांचे जनगणनेचे पान काढतात, मग आपल्यालाच मनाई का? तिथली गोष्ट खरी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १०० वर्षांनी पत्रके खुली होतात. १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये लोकांसमोर आली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची असून १९५० ची नोंद १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. पण मुदत संपल्यावर उघडायला आधी कागद शिल्लक असावा लागतो. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची पत्रके १९४२ मधल्या आगीत जळाली, त्यामुळे त्यांची मुदत कधी संपते याला आता अर्थ नाही. आपल्याकडे उद्या कलम १५ बदलले तरी निजामाच्या काळातली पत्रके त्यातून परत येणार नाहीत.

म्हणून जनगणना सोडून द्यावी असे नाही. तिच्याकडून जे मिळते ते दुसरीकडे मिळत नाही, आणि तिथवर पोचणेही आज सोपे आहे. भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावरील डिजिटल ग्रंथालयात जुने अहवाल आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयानेही जुने खंड स्कॅन करून ठेवले आहेत. गावपातळीवर उतरायचे तर १९५१ पासूनची जिल्हा जनगणना पुस्तिका हाताशी घ्यावी. मात्र शोधताना जिल्ह्याचे नाव बदलून शोधावे लागते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचे सारे परभणीच्या पुस्तकात आहे. तिथे हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुके भेटतील. सेनगाव आणि औंढा नागनाथ हे तालुके नंतर झाले, म्हणून ती गावे जुन्या तालुक्यांत शोधावी लागतात. १९५१ ची पुस्तिका हैदराबाद राज्याची आहे आणि १९६१ ची महाराष्ट्राची, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. हे आकडे घरात सांगितल्या जाणाऱ्या कथेची पारखही करतात. ‘आमचे मूळ पुरुष मोठ्या दुष्काळात इकडे आले’ असे पुष्कळ घरांत सांगतात. संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये १,१५,३७,०४० होती, ती १९०१ मध्ये १,११,४१,१४२ वर आली. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ होता. यावरून आपले घराणे हलले हे सिद्ध होत नाही, पण नावाचा शोध कोणत्या दशकाभोवती घ्यायचा ते कळते.

नावासाठी रस्ता महसुलाचा, आणि तो आजपासून मागे चालत जायचा. सातबारा, त्यावरील फेरफार, मग १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक, त्याच्याही मागे सेतवार, म्हणजे सर्व्हे नंबरवार जमिनीचे जुने पत्रक. पाहणीपत्रकात सर्व्हे नंबरापुढे पट्टेदार आणि कब्जेदार असे दोन वेगळे रकाने असतात. दोन्हींत एकच नाव असेल तर गोष्ट सरळ. वेगळी नावे असतील तर वाटणी, कूळ किंवा गहाण यांपैकी काहीतरी घडलेले असते, आणि घराण्याचा इतिहास अनेकदा तिथेच उलगडतो. त्याच काळातले आणखी एक दप्तर म्हणजे १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही. ती जनगणनेबरोबर तयार झाली आणि तिच्यात नावे होती. शिंदे समितीने तपासायच्या कागदांत तिचाही समावेश आहे. जिथे ती टिकली असेल तिथे जनगणनेच्या सर्वांत जवळचा नावानिशी पुरावा हाच. नकलेचा अर्ज करताना सालाचा घोळ टाळावा. निजामी कागदावर फसली सन असते. त्यात ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ५९१. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई, म्हणून १३४० फसली म्हणजे १९३०-३१. ‘सन १३४०’ पाहून ते चौदाव्या शतकातले मानले तर पुढचा सारा हिशेब चुकतो. लिपीचीही तयारी हवी. वरचे दप्तर उर्दूत, गावचे बहुधा मोडीत. मोडी वाचणारा जाणकार सोबत नसेल तर समोरचे नावही हातचे जाते.

यावर दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. महसुली दप्तर जमीनवाल्यांचे. भूमिहीन, बलुतेदार, भटके आणि बायका त्यात कुठे? जनगणनेने निदान सगळ्यांना मोजले होते. ही उणीव खरी आहे आणि ती पूर्ण भरून निघत नाही. काही प्रमाणात शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर आणि गावची जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे कोतवाल बुक, ती भरून काढतात. त्यात सालदाराच्या मुलाचीही नोंद सापडू शकते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत यात्रेकरूंच्या हस्ताक्षरातली वंशावळ मिळते, पण ती तिथवर जाऊ शकलेल्यांचीच. बायकांची नावे तर नोंद होतानाच गळत होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी ‘अमक्याची बायको’ एवढेच सांगितल्यामुळे देशभरात सुमारे २८ लाख स्त्रिया मतदारयादीतून वगळल्या गेल्या. म्हणून एकच दप्तर पाहून ‘आमची नोंद नाही’ असा निकाल देणे चुकीचे. चार दप्तरे ताडून पाहावी लागतात.

तिसरी हरकत ताजी आहे: गॅझेटियरमध्ये आकडा आहे, मग तोच पुरावा का नको? याचे उत्तर शासनाच्या कृतीतच आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला, पण त्यावरून कोणाला थेट कुणबी दाखला दिला नाही. गावपातळीच्या समितीकडून चौकशी ठेवली. आकडा एखादा समाज त्या भागात होता हे सांगतो. अमुक माणूस त्यात होता हे कुटुंबाच्या कागदाने आणि चौकशीनेच ठरते. आरक्षणाच्या बाजूचा असो वा विरोधातला, संशोधकाने हा फरक विसरू नये.

येती जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची आहे आणि तीत जातीची नोंदही होणार आहे. ती पत्रके शंभर वर्षांनी तरी वारसांना पाहता यावीत, अशी तरतूद आत्ताच करायला हवी. पण त्याहून तातडीचे काम तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे. तिथली सेतवारे, पाहणीपत्रके आणि गावोगावची कोतवाल बुके प्रत्येक पावसाळ्यात थोडी विरतात. त्यांचे स्कॅनिंग पूर्ण व्हावे आणि जिल्ह्यात मोडी वाचणारे तरुण तयार व्हावेत. तोवर वाचकांनी एवढे करावे: घरातल्या जुन्या पेटीत फसली सनाचा एखादा कागद असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवावा.