राखीव जागा आणि रिकाम्या खुर्च्या

उच्च शिक्षणातील राखीव जागांची चर्चा आपल्याकडे दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात रंगते आणि याद्या लागल्या की विरते. वस्तुतः खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारा दलित, आदिवासी वा भटक्या-विमुक्त समाजातील विद्यार्थी त्या वास्तूत स्वतःला पाहुणा समजतो की घरचा, हे पुष्कळ अंशी फळ्यापुढे कोण उभे आहे यावरून ठरते.

महाराष्ट्राला याचे प्रत्यंतर फार पूर्वी आले आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये तिचे महाविद्यालय औरंगाबादेस निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथे अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि एका नव्या वाङ्मयाला हक्काचे व्यासपीठ मिळाले. ज्यांच्याकडे पाहून 'हे आपल्यासाठीही आहे' असे वाटावे, अशी माणसे त्या आवारात होती, हे या इतिहासात सहसा नोंदले जात नाही.

अशी माणसे अध्यापकवर्गात यावीत कशी? येथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला हिशेबात शिरणे भाग आहे. राखीव पदांची गणना संपूर्ण विद्यापीठ एकक मानून करावयाची की प्रत्येक विभाग वेगळा धरून, हा वाद वरवर कारकुनी वाटतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये विभाग हे एकक ठरविले आणि मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. तेरा बिंदूंच्या त्या नामावलीत इतर मागासवर्गाची पाळी चौथ्या पदावर, अनुसूचित जातीची सातव्या पदावर आणि अनुसूचित जमातीची थेट चौदाव्या पदावर येते. समजा, वीस विभाग आहेत आणि प्रत्येकात सहा पदे आहेत. एकूण १२० पदे एकत्र धरली, तर पंधरा टक्क्यांनी अनुसूचित जातींना १८, साडेसात टक्क्यांनी जमातींना ९ आणि सत्तावीस टक्क्यांनी इतर मागासवर्गाला ३२ पदे मिळतात. विभागवार मोजली, तर पहिल्या भरतीत इतर मागासवर्गाला २० आणि उरलेल्या दोघांना शून्य! पुढे कोणी निवृत्त झाल्यावर पाळी येईल, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण प्राध्यापक खुर्चीवर तीस-तीस वर्षे बसतो. टक्केवारीला कोणी हात लावला नव्हता, भाजक तेवढा बदलला होता. अखेर देशभर निदर्शने झाली, मार्च २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी संसदेने केंद्रीय संस्थांसाठी कायदा करून संस्था हेच एकक मान्य केले.

मात्र एकक दुरुस्त झाले म्हणून खुर्ची भरतेच असे नाही. मुलाखत होते, आणि 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा एका ओळीचा शेरा लिहून पद रिकामे ठेवता येते. योग्यता कोणत्या कसोटीवर तपासली, हे कोणालाही कळत नाही. गुणवत्तेची चिंता वाहणाऱ्या आपल्या विद्वानांनी या शेऱ्यामागील गुणवत्ता एकदा तपासून पाहावयास हरकत नसावी! आपल्या राज्यातील महाविद्यालयांत तर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि तास तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडून भागवून घेतले जातात. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, कर्ज काढून शिकलेला तरुण तासावर मोल घेतो आणि सुटीत घरी बसतो. ज्याच्या मागे शेती नाही, वडिलांचे निवृत्तिवेतन नाही, तो या प्रतीक्षेत किती काळ टिकणार? सुस्थित घरातील उमेदवार दहा वर्षे थांबू शकतो. याला तिसऱ्या वर्षीच दुसरी नोकरी शोधावी लागते. भरतीतील विलंब सर्वांना सारखाच लागू असतो, परंतु त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाने आपली बिंदुनामावली, रिक्त पदे आणि ती कधीपासून रिक्त आहेत याचा तपशील दरवर्षी सूचनाफलकावर लावावा. उमेदवार नाकारल्यास निवड समितीने कारणे लेखी द्यावीत. एवढ्यासाठी नवा निधी लागत नाही, एक कागद पुरतो. शासनाकडे मागावयाचे ते एवढेच, की जून उजाडण्यापूर्वी पदे भरण्याची अनुमती द्यावी, म्हणजे पहिल्या तासाला वर्गावर कायम अध्यापक जाईल.